पाऊण मिनिट उशिरा

गल्लीत असं एकही घर नव्हतं, ज्याचं बूड कुशनवाल्याच्या हातच्या कामावर टेकलेलं नव्हतं. दवाखान्यातलं बाक, न्हाव्याची फिरती खुर्ची, शाळेतल्या मोठ्या बाईंचं सिंहासन, पहिल्या मजल्यावरच्या मॅनेजरसाहेबांचा सोफा, सगळं त्यानेच उसवलेलं आणि त्यानेच शिवलेलं. बारीक खिळे मूठभर तोंडात धरायचे, जिभेने एकेक पुढे ढकलायचा, हातोडीच्या लोहचुंबकी टोकाला चिकटवायचा आणि ठाक! त्यामुळे काम चालू असताना तो बोलत नसे. गिऱ्हाईक म्हणालं, "उस्ताद, माझी खुर्ची कधी?" की हा नुसतं एक बोट वर करायचा. म्हणजे देव जाणे. आणि खरंच देवच जाणे, कारण काम वेळेवर दिलं असा आरोप त्याच्यावर आजवर कुणी केलेला नाही.

आता देवाचं नाव निघालंच आहे तर तेही सांगून टाकलेलं बरं. कुशनवाल्याचा देव वेगळा होता. तो राहायचा त्या अख्ख्या इमारतीचा एक, याचा एक. याच्या लोकांचं प्रार्थनाघर बाजाराच्या पलीकडे, लोखंडाच्या वखारीमागे असं दडलेलं होतं, की नवख्याला तीही वखारच वाटावी. याचा खापरपणजोबा याच गावात जन्मला आणि याच गावात गेला. घरात बोलायची भाषा तीच, शिव्या त्याच, नळाचं पाणी गेल्यावर करायचा आरडाओरडाही तोच. पण शेजारी एक देश होता, तिथे सगळे याच्या देवाचे. बस्स, एवढंच. त्या देशाशी आपली फुटबॉलची मॅच ठरली की आठवडाभर आधीपासून जो येईल तो दुकानाच्या फळीला टेकून डोळा मिचकावायचा, "काय उस्ताद, यंदा कुणाकडून?"

विचारणारे काही वाईट नव्हते हो. हसत विचारायचे. पण हसत टोचली म्हणून सुई टोचायची थांबते का? हा खिळे तळहातावर काढायचा आणि म्हणायचा, "आपल्याकडून! आणखी कुणाकडून?" समोरचा म्हणायचा, "अरे, गंमत केली." मग हाही हसायचा. जेवताना बायकोला मात्र सांगायचा, "आजही विचारलं."

एका वर्षी तो शेजारचा देश जिंकला. दुसऱ्या दिवशी न्हावी याला म्हणाला, "आज काय, मजा आहे तुमची!" बिचारा कुशनवाला रात्रभर मॅच बघून आपला संघ हरला म्हणून सुतकी तोंड घेऊन दाढी करायला गेला होता. वस्तरा गळ्याशी, वाद कसा घालणार? पण घरी आल्यावर त्याने ठरवून टाकलं. पुढच्या मॅचपासून घराच्या रस्त्याकडच्या सगळ्या खिडक्या उघड्या. आपला गोल झाला की चौघांनीही ओरडायचं, खालच्या चौकापर्यंत गेलं पाहिजे.

चौघं म्हणजे तो, त्याची बायको, त्याची म्हातारी आई आणि मुलगी. बायकोला लाज वाटायची. ती पदर तोंडाशी धरून "हेऽ" असं म्हणायची, जसं कुणी मांजर हाकलतंय. म्हातारीला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती ताट घेऊन बसायची आणि मुलाने हात वर केला की चमच्याने बडवायची. "ओरडायला काय जातंय?" ती म्हणायची, "माझी फुप्फुसं तरी मोकळी होतात."

आणि मुलगी! तिला सांगावं लागत नसे. तिला गल्लीत 'भिंत' म्हणायचे. लहानपणी पोरांनी गोलकीपर व्हायला कुणी तयार नाही म्हणून हिला उभी केली, आणि मग हिच्यामागे चेंडू जाईचना. आता ती जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची गोलकीपर होती. गुडघे सदा खरवडलेले, कोपरांना बापाने फोम आणि रेक्झिनचे पॅड शिवून दिलेले. ती खरी ओरडायची. खेळावर आणि आपल्या संघावर तिचा जीव होता, खिडक्या उघड्या आहेत की बंद याची तिला शुद्ध नसायची. बापाच्या ओरडण्यात भीती होती, हिच्या ओरडण्यात नव्हती. पण खाली चौकात दोन्ही सारखंच ऐकू यायचं.

त्या वर्षी वसंतात कोचबाईंनी आनंदाची बातमी आणली. देशाच्या मुलींच्या संघासाठी सराव शिबिर भरणार होतं आणि भिंतीचं नाव त्यात पक्कं होतं. समितीची सही तेवढी राहिली होती. कुशनवाल्याने त्या दिवशी दुकान बंद केलं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बातमी सांगितली. मॅनेजरसाहेबांच्या दारात उभा राहून तो म्हणाला, "साहेब, आता कुणी विचारलं ना, कुणाकडून, तर मी पोरीच्या अंगातला शर्ट दाखवणार." आणि लहान मुलासारखा रडला. मॅनेजरसाहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ते बँकेतून निवृत्त झालेले, इमारतीचे सेक्रेटरी, भला माणूस.

भला, पण एक गोष्ट इथे लपवून चालणार नाही. पूर्वी मोठी मॅच असली की सगळी इमारत याच मॅनेजरसाहेबांच्या दिवाणखान्यात जमायची. कुशनवाला खारे दाणे घेऊन जायचा, त्यानेच शिवलेल्या सोफ्याच्या हातावर बसायचा. मग एका वर्षी बोलावणं आलं नाही. कुणी "येऊ नको" म्हटलं नाही. फक्त "ये" म्हणायचं राहून गेलं. आपणहून जावं तर वाटलं, न बोलावता कसं जायचं. न जावं तर वाटलं, लोक म्हणतील बघा, आला नाही. शेवटी दाणे घरीच खाल्ले.

म्हणून या वर्षी, त्याच शेजारच्या देशाशी अंतिम सामना ठरला तेव्हा, त्याने मोठा टीव्ही घेतला. इमारतीत केबल होती ती वरच्या गच्चीवरून सगळ्यांकडे गेलेली. नवा टीव्ही मात्र इंटरनेटवर चालणारा. भिंतीनेच तो जोडला. चित्र असं स्वच्छ, की खेळाडूच्या कपाळावरचा घाम मोजावा. पण एक भानगड होती. आपला पहिला गोल झाला तेव्हा आधी इमारत ओरडली, आणि पाऊण एक मिनिटाने यांच्या टीव्हीवर गोल झाला.

"नेटवरून उशिरा येतं, बाबा," भिंत म्हणाली. "त्यांचं आधी दिसतं, आपलं मागून."

बायको म्हणाली, "मग ते ओरडले की आपणही ओरडू या. उगाच मागून कशाला?"

"बघितल्याशिवाय कसं ओरडायचं?" कुशनवाला म्हणाला. "तोंड एक बोलेल आणि डोळे एक. खोटं लगेच कळतं माणसाला. उशिरा का होईना, पण मनापासून ओरडू."

घ्या! इमानदारीचा केवढा हा उमाळा. देवाने त्या दिवशी याला थोडीशी लबाडी सुचवली असती तर काय बिघडलं असतं?

मॅच बरोबरीत सुटली आणि पेनल्टी किक सुरू झाल्या. एक आपली, एक त्यांची. आपली एक हुकली होती. आता आपली शेवटची किक. ती गेली नाही तर खेळ खलास. गेली तरी त्यांची शेवटची अडवावीच लागणार. बाहेर इमारत ओरडली. "गेली! गेली आपली!" भिंत उडी मारून उभी राहिली. यांच्या टीव्हीवर आपला खेळाडू अजून चेंडू ठेवत होता. चौघंही श्वास रोखून बसले, म्हातारीने चमचा उगारला. खेळाडू धावत आला, मारली, आणि गोल! मग जो काही गदारोळ उठला! म्हातारीने ताट बडवलं. बायको पहिल्यांदाच पदर सोडून ओरडली. कुशनवाला खिडकीशी गेला, दोन्ही हात बाहेर काढून "जिंकलो रे, जिंकलो!" असं बोंबलला. अजून जिंकलो नव्हतो, पण आनंदात माणूस बोलून जातो. भिंत तर पलंगावर उभी राहून नाचत होती.

तिलाच आधी जाणवलं. ती थांबली. "बाबा," ती म्हणाली, "बाहेर आवाज का नाही?"

खरंच नव्हता. अख्खी गल्ली अशी गप्प होती की कुणाच्या तरी रेडिओवरच्या माणसाचा पडलेला आवाज स्वच्छ ऐकू येत होता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला म्हणतात ना, तसं झालं होतं. बाहेरच्या जगात त्यांची शेवटची किक आत गेली होती, आपण हरलो होतो, आणि नेमक्या त्याच क्षणी तिसऱ्या मजल्यावरच्या एकाच घराच्या उघड्या खिडक्यांतून ताट वाजत होतं. थोड्या वेळाने यांच्या टीव्हीवरही तो गोल झाला. तोपर्यंत खाली चौकात माणसं माना वर करून बघायला लागली होती.

बायकोने खिडकी लावून घेतली. कुशनवाल्याने ती परत उघडली, मग परत लावली. खिडकी लावली तर लपतोय असं दिसणार, उघडी ठेवली तर मिरवतोय असं.

समोरच्या इमारतीतल्या कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं होतं. सकाळपर्यंत ते गावभर झालं. त्यात आधी शांत गल्ली दिसायची, एक माणूस डोकं धरून पायरीवर बसलेला, आणि मग वरून यांचा आवाज. "जिंकलो रे, जिंकलो!" सगळ्यात स्पष्ट ऐकू यायची ती भिंत. तिचा आवाजच तसा, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. दुकानाच्या फळीवर कुणीतरी डांबर ओतून गेलं होतं. दुरुस्तीला आलेल्या दोन खुर्च्या मालक उसवलेल्या अवस्थेतच उचलून घेऊन गेले, स्प्रिंगा लोंबत.

त्याने काय काय नाही केलं! दारोदार फिरला. इंटरनेटचा उशीर लोकांना समजावून सांगू लागला. न्हावी म्हणाला, "उस्ताद, मला यातलं कळत नाही, पण आम्ही रडत होतो आणि तू नाचत होतास, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं." शेवटी त्याने मॅनेजरसाहेबांचे पाय धरले आणि त्यांना घरी आणलं. बातम्या लावल्या. जिन्यातून खालच्या मजल्यावरचा केबलचा आवाज येत होता. खाली बातमी सांगून संपली तरी यांच्या टीव्हीवरची बाई ती सांगायलाच लागली नव्हती. मॅनेजरसाहेब कान देऊन ऐकत राहिले. मग म्हणाले, "खरं आहे रे तुझं."

कुशनवाल्याच्या जिवात जीव आला. "मग साहेब, तुम्ही सांगा ना सगळ्यांना. तुमचं ऐकतील."

मॅनेजरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला पटलं," ते म्हणाले. "पण मला पटून काय उपयोग? मी हे सांगायला गेलो तर म्हणतील, यांनाही फितवलं. लोकांना सेकंद मोजायचे नाहीत, बाबा. लोकांना माफी पाहिजे. माफी मागून टाक, दोन दिवसांत विसरतील."

"पण साहेब, केलंच नाही त्याची?"

"अरे, शब्दच तर आहेत."

असा भला माणूस, आणि भलेपणाने इतकंच करता आलं. राग येतो, पण त्यांच्या जागी आपण असतो तर काय दिवे लावले असते, हेही मनाला विचारून बघावं.

कोचबाईंनीही तेच सांगितलं. समितीतल्या लोकांनी ते चित्रण पाहिलं होतं. सही अडली होती. "वातावरण निवळलं तर मी भांडू शकते," त्या म्हणाल्या. "घरच्यांनी काहीतरी बोलायला हवं. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

भिंत तिथेच होती. ती म्हणाली, "मी आपल्या गोलसाठी ओरडले. त्याची माफी मागायची?"

"बाळा, वेळ मारून न्यायची असते," बाप म्हणाला.

"तुम्ही मागू नका, बाबा. शिबिर गेलं तरी चालेल. मागू नका."

चालेल म्हणे! सतरा वर्षांची पोर, तिला काय ठाऊक काय चालतं आणि काय चालत नाही, असं त्याला वाटलं. ती पहाटे उठून मैदानाला फेऱ्या मारायची ते याने पाहिलं होतं. थंडीत तिची बोटं चेंडू अडवून सुजायची आणि तो ती गरम पाण्यात धरून बसायचा. ते सगळं आपल्या एका वाक्यासाठी अडलंय म्हटल्यावर कुठला बाप मान ताठ ठेवेल? ती सरावाला गेली असताना, सुट्टीच्या सकाळी, तो इस्त्रीचा सदरा घालून खाली अंगणात उभा राहिला. मॅनेजरसाहेबांनी पाण्याच्या टाकीजवळ खुर्च्या मांडून घेतल्या होत्या. दवाखान्यातल्या कंपाउंडरने मोबाइल धरला.

कुशनवाला बोलायला लागला. "आमच्या घरातून त्या दिवशी जो आवाज आला, तो खरं म्हणजे टीव्ही उशिरा—"

"उस्ताद, टीव्हीचं नको," कंपाउंडर म्हणाला. "मग लोक म्हणतात, सबबी सांगतोय. परत घेऊ."

दुसऱ्या वेळी त्याने टीव्ही गाळला, पण "आम्ही या देशाचेच आहोत" असं म्हणताना त्याला हुंदका आला. कंपाउंडर म्हणाला, रडलेलं बरं दिसतं, पण शब्द नीट कळले नाहीत. मग तिसऱ्यांदा. तोवर खुर्च्यांवरची माणसं कंटाळली होती, एकाने जांभई दिली. या वेळी तो सरळ बोलला. "त्या दिवशी आपला संघ हरल्यावर आमच्या घरात आनंद केला गेला. माझ्या मुलीनेही केला. ती लहान आहे. चूक झाली. पुन्हा असं होणार नाही. मला आणि माझ्या मुलीला माफ करा." कंपाउंडर म्हणाला, "हां, हे चांगलं झालं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. न्हाव्याने पुढे येऊन त्याला मिठीसुद्धा मारली. त्याला खरंच हलकं वाटलं. घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं, "सुटलो."

भिंतीने ते मैदानावर कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिलं. ती घरी आली, बूट काढून कोपऱ्यात ठेवले आणि बापाशेजारी जेवायला बसली. तो वाट बघत होता, आता ही ताट भिरकावेल. तिने भाजी वाढून घेतली.

दोन दिवसांनी कोचबाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या, बसा म्हटलं तरी बसेनात. डोळे सुजलेले. "मी भांडले," त्या म्हणाल्या. "खूप भांडले. सांगितलं, टीव्ही उशिरा येतो, ती निर्दोष आहे. ते म्हणाले, बाई, तुम्ही कसल्या गोष्टी सांगताय? बापाने स्वतः कबूल केलंय. मुलीचं नाव घेऊन कबूल केलंय. आधी निदान शंका होती, म्हणाले, आता तीही उरली नाही."

कुशनवाला म्हणाला, "पण तुम्हीच म्हणालात, बोला."

"हो," कोचबाई म्हणाल्या. "मीच म्हणाले." आणि त्या जिना उतरून गेल्या. त्यांना तरी काय बोलणार?

तो मुलीकडे वळला. "मी पुन्हा बोलतो. सांगतो सगळ्यांना, ते खोटं होतं. त्या कंपाउंडरला बोलावतो, परत टिपून घेऊ दे."

"आता कोण ऐकणार, बाबा?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. ती चिडली असती, चार शब्द बोलली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. ती आत जाऊन आजीच्या सुईत दोरा ओवून देऊ लागली.

गल्लीने मात्र शब्द पाळला. सगळं विसरली. फळीवरचं डांबर न्हाव्याने स्वतः रॉकेलने पुसून दिलं, उचलून नेलेल्या दोन्ही खुर्च्या परत आल्या, त्यांच्याबरोबर एक नवा दिवाणही आला. कामाला ऊत आला. एकट्याने उरकेना म्हणून भिंत दुकानात येऊन बसायला लागली. संध्याकाळचा सराव तिने सोडला होता. ती जुनं कापड उसवून द्यायची, काथ्या मोकळा करायची. चांगलं करायची. मन लावून नव्हे, पण चांगलं.

एका दुपारी दवाखान्यातले डॉक्टर बाकाच्या रेक्झिनचा रंग ठरवायला आले. रंग ठरला. जाता जाता त्यांनी कुशनवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मायेने म्हणाले, "उस्ताद, तुझं मला फार कौतुक वाटलं. आपलं चुकलं हे असं चारचौघांत मान्य करायला छाती लागते. पोरांकडून होतं असं. तुम्हा लोकांत सगळेच तुझ्यासारखे असते तर प्रश्नच नव्हता."

भिंत मागे जमिनीवर बसून खुर्चीचं कापड उसवत होती. तिचा हात थांबला. तिने मान वर केली नाही, पण ती ऐकत होती, आणि बापाला ते पाठीला डोळे असल्यासारखं कळलं. त्याच्या तोंडात खिळे होते. गप्प राहिला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं. नुसतं बोट वर केलं असतं तरी भागलं असतं. पण डॉक्टर उत्तराची वाट बघत उभे होते, हसऱ्या चेहऱ्याने, आणि गप्प राहण्याचा काय अर्थ निघेल हे आता त्याला सांगता येत नव्हतं. त्याने खिळे तळहातावर काढले.

"हो डॉक्टर," तो म्हणाला. "पोरगी चुकली माझी."